कोकरांच्या पुढ्यात उसळ

पत्र असं आहे:

"डॉक्टर, आमचं गाव सिन्नर तालुक्याच्या पूर्वेला, वावीच्या पुढं. घरात तीसेक दख्खनी मेंढ्या आहेत. पूर्वी मामंजी दिवाळीनंतर वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन घाट उतरायचे, आता गुडघे धरलेत म्हणून शिवारातच चारतात. कोकरं मी घरी सांभाळते. यंदा अठरा आहेत, अडीच-तीन महिन्यांची, बारा किलोच्या आसपास. मोबाईलवर व्हिडिओ पाहून मी द्राक्षाच्या जुन्या क्रेटमध्ये मका भिजवून चारा करायला लागले. किलोभर मक्याचा आठव्या दिवशी साडेपाच किलो हिरवागार चारा निघतो. म्हणून भरडा-पेंड बंद केली आणि प्रत्येकाला रोज किलोभर हाच चारा घालते. कोकरं तुटून पडतात. पण महिना होत आला, पोटं मोठी दिसतात आणि अंग भरत नाही. लेंड्याही पातळ झाल्यात. क्रेटच्या कडेला काळी-पांढरी बुरशी येते. शेजारचे द्राक्षवाले म्हणाले, दाणे मोरचुदाच्या पाण्यात बुडवून घे. घेऊ का? मका महाग पडतो, त्याऐवजी ज्वारी भिजवली तर? मामंजी ज्वारीला हात लावू देत नाहीत. त्यांचं म्हणणं, 'बकऱ्यांना कसली उसळ घालतेस, बकरं चरून मोठं होतं.' खरं कोणाचं धरू?"

ताई,

आधी तातडीचं सांगतो. मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं मीठ, नाही. दाण्यांना नाही, क्रेट धुवायलाही नाही. आणि ज्वारी भिजवायची नाही. त्या बाबतीत मामंजी शंभर टक्के बरोबर आहेत. कारणं पुढं सांगतोच, पण पत्र अर्धं वाचून कोणी हाक मारली आणि तुम्ही उठून गेलात, तरी एवढं डोक्यात राहू द्या.

आता मुद्द्याचं. तुम्हाला साडेपाच किलो चारा दिसतो, कारण काट्यावर साडेपाच किलो भरतो. पण त्यात आहे काय? एक किलो कोरड्या मक्यात पाणी शंभर-सव्वाशे ग्रॅम, बाकी सगळा ऐवज. आठ दिवसांनी मुळं गुंतलेली जी गादी निघते तिच्यात किलोमागं आठशेसाठ ग्रॅम पाणीच असतं. उरलेला एकशेचाळीसच्या आसपासचा भाग म्हणजे चारा. साडेपाच किलोंचा हिशेब केला तर कोरडा ऐवज पावणेआठशे ग्रॅमच्या आसपास येतो. म्हणजे तुम्ही क्रेटमध्ये पावणेनऊशे ग्रॅम ऐवज टाकला आणि आठ दिवस पाणी शिंपडून त्यातला शंभर ग्रॅम घालवला.

गेला कुठं? दाण्यानं खाल्ला. मक्याच्या दाण्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतो. ती त्या कोंबाची शिदोरी. जमिनीत पडलेला दाणा पान वर काढेपर्यंत त्या शिदोरीवर जगतो, श्वास घेतो, ऊब सोडतो. मोड आलेल्या मटकीच्या फडक्यात हात घातला की आत कोमट लागतं ना? ती ऊब म्हणजे जळणारा स्टार्च. तुमच्या क्रेटमध्येही तेच चाललंय, आणि हवेतून नवं अन्न तयार करण्याइतकं पान मोठं व्हायच्या आत आपण ती गादी उचलून कोकरांपुढं टाकतो. मातीत तो मका दोन महिने उभा राहिला असता तर गोष्ट वेगळी होती.

व्हिडिओवाले सांगतात की मोड आल्यावर प्रथिनं वाढतात. टक्का वाढतो, हे खरं. पण तो वाढतो कारण स्टार्च कमी झालेला असतो. दहा लोकांच्या घरातून दोन मोठी माणसं गावाला गेली तर उरलेल्यांत पोरांचा टक्का वाढतो, म्हणून काही नवीन पोर जन्माला आलेलं नसतं. मक्यात जेवढं प्रथिन होतं, जवळपास तेवढंच गादीत उतरतं.

आता तुमच्या कोकरांच्या पोटात काय पडत होतं ते पाहू. पूर्वी तुम्ही भरडा-पेंड किती देत होतात ते लिहिलेलं नाही. दोनशे ग्रॅम धरतो. पेंड घातलेल्या चांगल्या दोनशे ग्रॅम खुराकातून पस्तीस ग्रॅमच्या आसपास प्रथिन मिळतं. आता तुम्ही देता ती किलोभर गादी म्हणजे मुळात एकशेऐंशी ग्रॅम मका. त्यातून येणारं प्रथिन सोळा-अठरा ग्रॅम. निम्म्यावर आलं. बारा किलोच्या कोकराला दिवसाला साडेचारशे ते पाचशे ग्रॅम कोरडा ऐवज लागतो. गादीतून मिळाला दीडशेच्या आत. उरलेला कडब्याच्या कुट्टीनं भरायचा, पण समोर थंडगार गोड ओलं असताना कोरडी कुट्टी कोण चघळणार? पोट फुगलेलं दिसतं ते पाण्यानं आणि भुकेनं. तुम्ही मका थांबवला नव्हता, ताई. तुम्ही पेंड थांबवली, आणि नुकसान तिथं झालं.

पोट मोठं, लेंडी पातळ, अंग भरत नाही, याला दुसरंही एक कारण असू शकतं आणि ते आधी तपासून घ्या. तीन महिन्यांची कोकरं म्हणजे जंतांचं हक्काचं घर. कोकराची खालची पापणी अंगठ्यानं अलगद खाली ओढा. आतली कातडी गुलाबी-लाल असली तर ठीक. कागदासारखी पांढुरकी दिसली, किंवा खालच्या जबड्याखाली पाणी साठल्यासारखी मऊ सूज असली, तर आधी जंतांचा बंदोबस्त, मग खुराकाची गोष्ट. चार-पाच कोकरांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या पिशव्यांत घालून सकाळीच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. कोणतं औषध द्यायचं ते तपासणीवर ठरू द्या. दुकानातून दिसेल ती बाटली आणून अंदाजानं पाजू नका. कमी मात्रेचं औषध परत परत पाजलं की जंत त्याला दाद देईनासे होतात.

आता ज्वारी. कोरडा ज्वारीचा दाणा बिनधास्त खाऊ घाला, काही होत नाही. पण त्याला मोड फुटला की कोंबात एक असा पदार्थ तयार होतो, जो चावल्यावर आणि पोटात गेल्यावर सायनाइड सोडतो. पावसानं ताण दिलेल्या कोवळ्या ज्वारीत जनावर शिरलं आणि तासाभरात आडवं झालं, हे मामंजींनी पाहिलेलं असणार. त्यालाच आपल्याकडं किराळ लागणं म्हणतात. तोच प्रकार क्रेटमध्ये उगवलेल्या ज्वारीचा, उलट इथं तर सगळा चाराच कोवळा कोंब. श्वास जोरात चालतो, जनावर थरथरतं, तोंडाच्या आतली कातडी लालभडक दिसते, आणि डॉक्टर येईपर्यंत वेळ राहत नाही. शिरेतून द्यायचं औषध आहे, पण ते पोचायला हवं ना. मामंजींना तुम्ही "का" असं विचारलंत आणि त्यांना सांगता आलं नसेल. चाळीस वर्षं कळपामागं फिरलेल्या माणसाला "का" सांगता येत नाही, पण "नको" बरोबर सांगता येतं.

बाजरीत ही भानगड नाही. मका, बाजरी, गहू हे तिन्ही भिजवायला चालतात. बाजरी घेताना फक्त कणसातले काळे-जांभळे लांबट दाणे वेचून टाका. ती अरगट नावाची बुरशी असते.

मोरचुदाचं मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण यात मी स्वतः पोळलेलो आहे.

मेंढीला तांबं लागतं, पण अगदी चिमूटभर. गाईला, म्हशीला जेवढं पचतं तेवढं मेंढीला विष होतं. शेळीसुद्धा मेंढीपेक्षा जास्त सोसते. मेंढीचं यकृत तांबं बाहेर टाकण्यात फार कच्चं असतं, त्यामुळं ते साठत जातं. महिने-महिने काही दिसत नाही. मग एखादा दिवस ताण येतो, कधी गाडीतून लांबचा प्रवास, कधी उपास, कधी अवकाळी पाऊस, आणि साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं. रक्तपेशी फुटतात. डोळे पिवळे, लघवी कडक कोऱ्या चहासारखी, दोन-तीन दिवसांत जनावर खलास.

नोकरीत असताना दिंडोरीच्या बाजूला एका द्राक्षबागेत मला बोलावणं आलं. बागाईतदारानं बंगल्याजवळ सहा मेंढ्या हौसेनं पाळल्या होत्या. वेलींखालचं गवत त्या साफ करायच्या, छाटणीचा पाला खायच्या. माणूस खूश, तणनाशकाचा खर्च वाचला. एक मेंढी पिवळी पडून लाल मुतायला लागली. मी गोचीड पाहिली, ताप पाहिला, गोचीड तापाचं इंजेक्शन टोचलं आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी ती मेली आणि आणखी दोन तशाच झाल्या. तेव्हा कुठं मी मान वर करून वेलींकडं पाहिलं. पानापानांवर निळसर-पांढरे ठिपके. बोर्डो. म्हणजे मोरचूद आणि चुना. सहापैकी दोन वाचल्या. त्या माणसानं मला एका शब्दानं दुखावलं नाही, त्यामुळं जास्तच लागलं.

हे तुम्हाला सांगायचं कारण म्हणजे पाडवा उलटला की आपल्याकडं खरड छाटणी सुरू होते, ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि बांधाबांधावर फुकटचा पाला पडतो. शेजारी प्रेमानं म्हणतील, "न्या वहिनी, कोकरांना." ज्या बागेत बोर्डो किंवा तांब्याची दुसरी फवारणी झाली आहे त्या बागेचा पाला कोकरांना घालू नका, मग तो कितीही हिरवा असो. आणि खनिज मिश्रणाचा पुडा घेताना गाई-म्हशींचा आणू नका. मेंढ्यांसाठी वेगळं मिळतं, त्यात तांबं घातलेलं नसतं किंवा नावापुरतं असतं. दुकानदार "सगळं एकच आहे" म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. सडका कांदा चाळीतून उपसून मेंढ्यांपुढं ओतायची आपल्याकडची सवयही याच रांगेत बसते. थोडा चालतो, पण रोज पोटभर कांदा खाल्ला तर त्यानंही रक्तपेशी फुटतात आणि लघवी लाल होते.

मग क्रेटच्या बुरशीचं काय करायचं? बुरशी आलेला भाग कापून उरलेला घालू नका. दिसते ती फक्त वरची दाढी, तिचे धागे गादीभर पसरलेले असतात. अख्खा क्रेट उकिरड्यावर. कोंबड्यांनाही नको. मोड आलेल्या धान्यावर वाढणारी एक बुरशी अशी आहे की जिच्या विषानं मेंढरं थरथरतात, मागचे पाय लुळे पडतात, हाकलली की कोलमडतात. अशी कोकरं परत उभी राहतीलच याची खात्री नसते. गादी जेवढे दिवस ठेवाल तेवढा बुरशीला वेळ. आठ दिवस म्हणजे तिला आमंत्रणच.

म्हणून माझं म्हणणं असं की गादीचा नाद सोडा आणि मामंजी म्हणतात तशी उसळच घाला. चेष्टेनं म्हणत नाही. आपण नाशिकची माणसं, मिसळीपायी मटकीला मोड कसे आणायचे ते आपल्याला कोणी शिकवायला नको. तेवढेच, दाण्याएवढे मोड. दोन दिवसांचे. त्यात स्टार्च फारसा जळत नाही, बुरशीला फुरसत मिळत नाही, आणि मोडाचा जो काही फायदा आहे तो बराचसा पदरात पडतो.

फायदा काय, तेही नीट समजून घ्या. मोडात जीवनसत्त्वं वाढतात, दाणा मऊ आणि गोड होतो. पण यातलं बरंचसं कोंबडीला आणि माणसाला उपयोगी. दाण्यातलं स्फुरद जखडलेलं असतं ते मोड आल्यावर सुटतं, असं सांगतात. मेंढीच्या मोठ्या पोटातले सूक्ष्मजंतू ते स्वतःच सोडवतात. ब गटातली जीवनसत्त्वंही तिथंच तयार होतात. कोकराचं हे मोठं पोट जन्मतः अगदी लहान असतं, दोन महिन्यांपर्यंत कामाला लागतं. तुमची कोकरं अडीच-तीन महिन्यांची, म्हणजे त्यांची भट्टी पेटलेली आहे. त्यांना मोड "लागतात" असं नाही. नुसता अख्खा मकाही मेंढी चांगला चावून पचवते. तिला गाईसारखा भरडून द्यावाच लागतो असं काही नाही.

तरीही दोन ठिकाणी मी मोड आवर्जून द्यायला सांगतो. एक, चैत्र-वैशाखात, जेव्हा शिवारात हिरवं पान दिसत नाही आणि गव्हाणीत कडबा नाहीतर गव्हांडा. त्या दिवसांत मोडांतून थोडी जीवनसत्त्वं जातात ती मोलाची असतात. सध्या तुमच्याकडं तेच दिवस आहेत. दुसरं, तीन आठवड्यांची, नुकतं तोंड चाळवायला लागलेली कोकरं, किंवा आई मेलेलं पोरकं कोकरू. कोरडा भरडा त्यांच्या नाकात जातो, शिंकतात, बाजूला होतात. मोडाचा मऊ दाणा बोटावर धरला की चोखतात, मग चावतात. पुढच्या वेताला हे करून बघा.

आता कृती. अठरा कोकरांना प्रत्येकी पन्नास ग्रॅम कोरडा मका, म्हणजे रोजचा नऊशे ग्रॅम. बियाण्याच्या पिशवीतला मका कधीही घेऊ नका, त्याला लाल-गुलाबी किंवा हिरवी पावडर चोळलेली असते, ते औषध आहे. बाजारचा खाण्याचा मका घ्या. गेल्या हंगामातला अवकाळीत भिजून कणसावरच मोड आलेला मका कोणी स्वस्तात देत असेल तर दाणा हातात घेऊन टोकाशी बघा. काळं किंवा हिरवट पडलं असेल तर फुकट मिळाला तरी नको. स्वच्छ आणि खडखडीत वाळलेला असेल तर खुशाल घ्या, भरडून खुराकात वापरा.

फुटके दाणे चाळून काढा, ते भरड्यात जातील. फुटका दाणा रुजत नाही, तिथंच सडतो आणि सगळ्यांना सडवतो. दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा. वर तरंगणारे टाकून द्या. रात्रभर भिजत ठेवा, सकाळी पाणी पूर्ण निथळा आणि ओल्या गोणपाटात बांधून सावलीत टांगा. क्रेटमध्ये पसरायचं असेल तर बोटाच्या एका पेराएवढाच थर द्या, त्याहून जाड नको. सकाळ-संध्याकाळ पाणी ओतून धुवायचं, नुसतं शिंपडायचं नाही. धुतल्यानं आतली ऊब निघून जाते. सध्याच्या उन्हात दीड दिवसातच पांढरं टोक बाहेर येईल. आलं की घालायचं. रोजचं रोज संपवायचं, उरलेलं उद्यासाठी ठेवायचं नाही.

घालायच्या आधी गोणपाट उघडून नाक लावा. चांगल्या मोडाला कच्च्या मटारासारखा, ओल्या मातीसारखा वास येतो. आंबूस, दारूच्या भट्टीसारखा किंवा कुबट वास आला, दाणे बोटांना बुळबुळीत लागले, तर तो दिवस कोरडा मकाच घाला. क्रेट रिकामा झाला की धुण्याच्या सोड्यानं घासून, भरपूर पाण्यानं खंगाळून कडक उन्हात पालथा घाला. ऊन फुकट आहे आणि मोरचुदापेक्षा चांगलं काम करतं. मृग लागला की हा उद्योग बंद. पावसाळी दमट हवेत कितीही जपलं तरी बुरशी धरते, आणि तोपर्यंत शिवारात हिरवं उगवलेलंच असतं.

बाकी खुराक पेंडीचाच. दहा किलोचं मिश्रण करायचं तर मक्याचा भरडा पाच किलो, शेंगदाणा पेंड अडीच किलो, गव्हाचा कोंडा किंवा तूर चुणी सव्वादोन किलो, मेंढ्यांचं खनिज मिश्रण दीडशे ग्रॅम, मीठ शंभर ग्रॅम. पेंड घेताना फोडून बघा. आत काळसर जाळं किंवा खवट वास असेल तर परत करा, शेंगदाणा पेंडीत बुरशीचं विष लवकर धरतं. हे मिश्रण प्रत्येकी दीडशे ग्रॅम आणि वर पन्नास ग्रॅम मक्याचे मोड. मोड दीडपट-पावणेदोनपट फुगतात, म्हणून मोजताना कोरड्या मक्याचं वजन धरा, ओल्याचं नाही. आधी कुट्टी, मग खुराक. रिकाम्या पोटी दाणा नको. हादगा, शेवरी किंवा सुबाभळीचा पाला मूठ-दोन मूठ मिळाला तर सोन्याहून पिवळं. पाणी दिवसभर समोर.

यात एक धोका आहे. महिनाभर ओल्या गादीवर राहिलेल्या कोकरांना उद्या सकाळी एकदम पूर्ण खुराक घालू नका. पहिले तीन दिवस पन्नास ग्रॅम, मग दर तीन-चार दिवसांनी थोडं वाढवत दोन आठवड्यांनी पूर्ण मापावर या. एकदम दाणा पडला की पोटात आम्ल होतं, कोकरू मान टाकून दात खातं, आंबट वासाची हगवण लागते. आणि याच वेळी आंत्रविषार, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषाचा रोग, गाठतो. त्याचं वैशिष्ट्य असं की तो कळपातलं सगळ्यात गुटगुटीत, सगळ्यात हावरट कोकरू उचलतो. रात्री भरपेट खाऊन झोपलेलं कोकरू सकाळी मान मागं ताणून मेलेलं सापडतं, आणि घरात कोणाची तरी नजर लागल्याची चर्चा सुरू होते. मेंढ्यांना आंत्रविषाराची लस टोचली होती का, कोकरांना टोचायची का, हे दवाखान्यात लेंड्या घेऊन जाल तेव्हाच विचारा. दोन मात्रा लागतात, दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं, पावसाच्या आत. दवाखाना लांब पडत असेल तर १९६२ वर फोन करून फिरतं पथक बोलावता येतं.

नर कोकरांसाठी आणखी एक. दाणा वाढला की नरांना मुतखड्याचा त्रास होऊ शकतो. धान्यात स्फुरद जास्त, चुना कमी. म्हणून दहा किलो मिश्रणात शंभर ग्रॅम खायची चुनखडी पूड टाका, मीठ गाळू नका, पाणी कमी पडू देऊ नका. एखादं नर कोकरू शेपटी हलवत, कुंथत उभं राहिलं आणि थेंब-थेंब मुतलं तर त्याच दिवशी दाखवा.

मामंजींचं दुसरं म्हणणं उरलं, बकरं चरून मोठं होतं. त्यांच्या काळी होत होतं. वाडा घाट उतरायचा, वर यायचा, वाटेत शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घ्यायला दाणे द्यायचे, गवत पायाखाली बदलत जायचं. आज त्यांच्या गुडघ्यांनी आखलेल्या दोन-तीन किलोमीटरच्या शिवारात एप्रिलमध्ये काय उगवतं ते तेच तुम्हाला सांगतील. भांडू नका, त्यांना काम द्या. कोकराच्या कंबरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागं हात ठेवून मणके टोचतात की मांसाखाली दबतात, हे त्यांच्या हाताला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. दर आठवड्याला अठराही कोकरांवर त्यांचा हात फिरू द्या.

आणि एक लटकता काटा आणा, भंगारात जुना मिळतो. गोणपाटाची झोळी करून तीन कोकरं निवडा, एक थोराड, एक मधलं, एक रोडकं. त्यांच्या कानांना वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधा. आजचं वजन लिहून ठेवा, मग दर पंधरा दिवसांनी त्याच वेळी, सकाळी चरायच्या आत. चांगल्या खुराकावर दख्खनी कोकरू दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं, म्हणजे पंधरवड्याला दीड किलो. महिन्याभरानं मला पुन्हा लिहा. "बरी दिसतात" असं नको, काट्यावरचे आकडे लिहा, आणि मामंजींचा हात काय म्हणतो तेही.